रंग उडालेलं कापड

सुनेने पिशवीतून धुतलेली काळी निकर काढली, उलटी केली आणि डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर पसरून ठेवली. शेजारच्या खुर्चीत सासूबाई एकदम पंख्याकडे बघायला लागल्या.

"हे बघा," सून म्हणाली. "इथला रंग गेलाय, नारिंगी पडलाय. नुसत्या घासण्यानं असा जात नाही. अ‍ॅसिडनं नाहीतर ब्लीचनं जातो."

बोलत होती ती अधिकाराने. हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लाँड्रीत ती डाग काढायच्या टेबलावर होती. गंज, शाई, लिपस्टिक, तिच्यापुढे कुणाचंच काही चालत नसे. पण आपल्याच अंगातून कापडाचा रंग खाणारं काहीतरी येतंय, म्हणजे आत काहीतरी सडतंय, या भीतीने तिची झोप उडाली होती. पाठ दुखते असं नवऱ्याला सांगून ती वेगळी झोपत होती.

पाठीचं हे सोंग सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं. "पाठ दुखते तर चादरी कशी पिळतेस गं?" एवढंच विचारलं, आणि सगळं बाहेर आलं. या बाईंना मानलं पाहिजे. मुलाला काही कळू न देता त्यांनी स्वतः फोन करून वेळ घेतली आणि सुनेला हाताला धरून घेऊन आल्या.

डॉक्टरीणबाईंनी कापड उजेडाकडे धरलं.

"बरोबर ओळखलंत. आम्लच आहे. पण ते असायलाच हवं. त्या आंबटपणामुळे आत नको ते जंतू वाढत नाहीत. गडद कपड्याचा रंग त्यानं उडतो, बऱ्याच जणींचा उडतो."

"मग मला ही खाज का सुटते? आणि वास का येतो?"

"रंग गेलेला दिसला तेव्हा होती खाज?"

"नव्हती. मी धुवायला लागल्यावर..." सून अडखळली. "आधी साबणानं धुतलं, आतपर्यंत. मग जंतुनाशकाच्या पाण्यानं. डागाला करतो तसंच. साध्यानं नाही गेला की कडक."

"अगं, तू माणूस आहेस, टेबलक्लॉथ नाहीस!" सासूबाई म्हणाल्या, आणि तिघीही हसल्या.

तपासणी झाली. नमुना घेतला, औषध लिहून झालं.

"आतून धुणं बंद. ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः करते. बाहेरून साधं पाणी पुरे. दोन पाळ्यांच्या मध्ये स्राव पातळ, बुळबुळीत होईल, मग घट्ट, पांढरट. असा बदलायचाच, त्याला घाबरायचं नाही. फुटलेल्या दुधासारखा झाला, हिरवट झाला, घाण वास आला, खाज सुटली, ओटीपोटात दुखलं, तर यायचं. मधेच रक्त दिसलं तरी यायचं. आणि पाळी कायमची गेल्यावर रक्ताचा ठिपका जरी दिसला, तरी लगेच."

सुनेच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं. ती उठली.

"चला, आई."

सासूबाई उठल्या नाहीत. बसस्टॉपपासून दवाखान्यापर्यंत ज्यांच्या तोंडाला खंड नव्हता, त्या पर्सची चेन उघडत होत्या, मिटत होत्या.

"आई?"

"माझी पाळी जाऊन वर्षं झाली," त्या खाली बघत म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. "म्हटलं, या वयात कशाला कुणाला सांगायचं. आणि हिचं आधी बघू."

स्वतःची भीती पोटात ठेवून ही बाई तिला धीर देत इथवर आली होती. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पेन उघडलं. सून परत बसली, खुर्ची सासूबाईंच्या खुर्चीला टेकवली आणि त्यांचा हात पर्सवरून उचलून आपल्या हातात घेतला.

"डागाचा रंग कसा होता, आई? लाल की तपकिरी?"

"तपकिरी," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा."