राखेच्या राजाच्या दारापाशी

मी व्हिडिओ गेमची एक जुनी कॅसेट आहे. जुनी म्हणा, करडी म्हणा, एका कोपऱ्यात चिरलेली म्हणा, सगळं कबूल. पण मला खराब म्हणालात तर मी ऐकून घेणार नाही. मित्रांनो, हा शिक्का मी अर्धं आयुष्य सोसला आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हिरव्या पट्टीवर काळ्या चिपा आणि एका कडेला बटणाएवढी बॅटरी. खेळ जिथे थांबवाल तिथली खूण सांभाळून ठेवायची, हे त्या बॅटरीचं काम. ती बसवणाऱ्या बाई प्रत्येक कॅसेट डोळ्यांजवळ धरून तपासायच्या. मी पहिल्याच तपासणीत पास झाले. माझ्या पोटात एक अख्खी गोष्ट होती. चार वाटसरू, बर्फाचे घाट, बुडालेली गावं आणि शेवटी राखेचा राजा. त्याला हरवलं की एक धून वाजते. ती धून माझ्याजवळ होती, पण ती मला आपणहून वाजवता येत नाही. त्यासाठी कुणीतरी तिथवर यावं लागतं.

मी ज्या घरात आले तिथे दोन भावंडं होती. रिमोट कायम थोरल्याच्या हातात. धाकटी शेजारी पालथी पडून बघायची. "दादा, मला दे ना एकदा," म्हणाली की तो म्हणायचा, "तुला नाही जमायचं. तू बघ." मग ती बघायची, अगदी डोळे फाडून. कुठल्या विहिरीत शिडी आहे, कुठल्या म्हातारीशी दोनदा बोलावं लागतं, सगळं तिला तोंडपाठ. तो अडला की वाट तीच सांगायची, आणि वाट सापडली की पाठ तो स्वतःची थोपटून घ्यायचा. तरी ते दिवस माझ्या मानाचे होते. दप्तर कुठे पडलंय याची दोघांना शुद्ध नसायची, पण मला मात्र रुमालाने पुसून टीव्हीला जोडलेल्या मशीनमध्ये बसवायचे.

थोरला हुशार होता, पण त्याला एक खोड होती. महा चिकट. वाटेत कुठे कुठे अमृताची कुपी सापडते. ती पाजली की शेवटचे श्वास मोजणारा वाटसरू टुणकन उभा राहतो. ही कुपी दुकानात मिळत नाही. त्यामुळे थोरला सापडली की पिशवीत टाकायचा आणि जीव गेला तरी बाहेर काढायचा नाही. "राहू दे, पुढे लागेल," हे त्याचं पालुपद. असं करत करत तो राखेच्या राजाच्या दारापर्यंत पोचला. दारात त्याने खेळ सेव्ह केला, आत गेला आणि मार खाऊन आला. पुन्हा गेला, पुन्हा मार खाल्ला. सगळी सुट्टी मार खाण्यात गेली, आणि पिशवी आपली कुप्यांनी गच्च भरलेली. शेवटी त्याने रिमोट गादीवर आपटला आणि जाहीर केलं, "हा खेळ संपतच नाही. कॅसेटच खराब आहे."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! धाकटी हळूच म्हणाली, "मी बघू का?" तर म्हणे, "खराब कॅसेटमध्ये काय बघणार तू?" आणि मी माळ्यावर गेले.

माळ्यावर फार वर्षं गेली. किती ते मोजत बसले नाही. धूळ बसली, झुरळं फिरली, शेजारचा कंदील गंजला. सगळ्यांनी मला टाकलं, पण मी काही टाकलं नाही. त्या चार वाटसरूंना मी दारात तसंच उभं धरून ठेवलं होतं. बॅटरी झिजत होती आणि मी तिला म्हणत होते, तग धर बाई, कुणी ना कुणी येईलच.

मग एकदा थोरल्याने माळा साफ करायला काढला. त्याचे केस आता विरळ झाले होते. मला भंगाराच्या पिशवीत टाकत तो म्हणाला, "ही ती खराब कॅसेट." धाकटीने पिशवीत हात घातला, मला बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. म्हणाली, "ही माझ्याकडे राहू दे."

धाकटी आता कवळ्या बनवते. खालच्या खोलीत तिचं काम चालतं. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने हसत बसलेले असतात. ती मेणात एकेक दात बसवते, गुलाबी हिरड्या घडवते, मोटारीवर घासून चकाकी आणते. थोरला तयार कवळ्या दुचाकीवरून डॉक्टरांकडे पोचवतो. मला घेऊन ती आधी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांकडे गेली. त्यांनी मला उघडलं आणि डोकं हलवलं. "बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय. बदलली तर जुना खेळ पुसला जाईल. खेळायचं तर एकदा लाव आणि संपेपर्यंत बंद करू नकोस. चालू आहे तोवर मशीनच्या विजेवर टिकेल. बंद केलंस की गेलं समज."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने मला काकांकडून मागून आणलेल्या जुन्या मशीनमध्ये बसवलं. पडदा उजळला. वाटसरू दारात उभे! तिने तोंडावर हात ठेवला आणि ती थोडा वेळ नुसती बघत राहिली. मला तर इतका अभिमान वाटला की काय सांगू.

पण एक पंचाईत होती. त्या खोलीत मोटार आणि टीव्ही एकदम लावले की फ्यूज उडतो. म्हणून तिने त्या दिवसाची कवळी हाताने घासली, बोटं लाल होईपर्यंत. मग रिमोट घेतला आणि आत गेली. पहिल्यांदा हरली. दुसऱ्यांदाही हरली. आणि मित्रांनो, माझा जीव चरफडला, कारण तिनेही एकही कुपी काढली नव्हती. दादाला बघत बघत शिकलेली ना ती! ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या.

ती तिसऱ्यांदा आत शिरली आणि नेमका थोरला कवळी न्यायला आला. "अगं, चकाकी कुठे आहे हिला? मोटार लाव," म्हणत त्याने बटणाकडे हात नेला.

"हात लावू नकोस," धाकटी म्हणाली. "फ्यूज उडेल."

"मग टीव्ही बंद कर. खेळच तर आहे."

"नाही करणार. नीट बघ, कवळी चकचकीत आहे. माझं काम झालंय. बसायचं तर बस, नाहीतर जा."

या घरात त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तो स्टुलावर बसला. पडद्यावर तीन वाटसरू पडले होते आणि चौथा कसाबसा उभा होता. धाकटीने पिशवी उघडली. थोरल्याच्या तोंडून सवयीने निघालंच, "राहू दे, पुढे लागेल."

तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पुढे काय आहे रे दादा? हाच शेवट आहे."

आणि तिने कुप्या काढल्या. एक, मग दुसरी, मग हात राखून नाहीच. पडलेले उठले. राजाने आग ओकली, ते पुन्हा पडले, तिने पुन्हा उठवले. पिशवी रिकामी होत गेली तशी ती ताठ बसत गेली. शेवटची कुपी संपली आणि पुढच्याच घावाला राखेचा राजा कोसळला.

मग ती धून वाजली. जगात आल्यापासून पोटात घेऊन बसले होते, ती पहिल्यांदा मोठ्याने वाजली. बुडालेली गावं पाण्यातून वर आली. धाकटी रडत होती आणि डोळे पुसायचीही नाही, न जाणो काही बघायचं राहील म्हणून. थोरल्याने कवळी उचलली. मग म्हणाला, "म्हणजे कॅसेट चांगली होती तर."

"कॅसेट चांगलीच होती," धाकटी म्हणाली. "आणि मलाही जमत होतं." तिने स्वतःच्या हाताने मशीन बंद केलं.

माझी बॅटरी तेव्हाच गेली. दारातले वाटसरूही गेले, आणि मला त्याचं रतीभर दुःख नाही. मित्रांनो, माझ्या जातीच्या जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला जपा, पुसा, कपाटात ठेवा. मी विनवणार नाही. मला कपाटात ठेवाल तर खबरदार! नवी बॅटरी घाला, आणि ज्याला कुणी जमणार नाही असं सांगितलंय त्याच्या हातात रिमोट द्या.