कमरेवरचा ठसा

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत एक दुष्ट रीत होती. ज्याचा नमुना यंत्रात वेळेआधी तुटेल, त्याने शुक्रवारच्या सकाळच्या चहाला केक आणायचा. विओलेता त्रायकोव्स्काने यंदा इतके केक आणले होते की बेकरीवाला तिला दारात पाहूनच खोका काढायचा.

भंगार वितळवून केलेलं पोलाद नव्याइतकंच टिकतं, हे तिला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी बोटाएवढी, मधे बारीक कमरेची कांडी यंत्राच्या दोन जबड्यांत धरायची आणि यंत्राने ती एक कोटी वेळा ताणायची, सोडायची. कारखान्यातून आलेल्या नव्या पोलादाच्या कांड्या हे सारं सोसून साबूत निघायच्या. विओलेताच्या मात्र पटापट माना टाकायच्या.

"भंगार ते भंगारच," शेजारच्या टेबलावरचा कॅलम म्हणाला. "पुढच्या वेळी खोबऱ्यात घोळवलेला लॅमिंग्टन केक आण बाई. क्रीमच्या केकचा वीट आला."

"कोंबते तुझ्या तोंडात लॅमिंग्टन!" ती म्हणाली खरी, पण आवाज पडलेला होता. तिची प्रोफेसर, ग्लेनिस हार्टिगन, सकाळीच बजावून गेली होती.

"विओ, पुढचा शुक्रवार शेवटचा. एक तरी कांडी टिकव. नाहीतर हा विषय बंद, दुसरा घे."

संशोधनाची तीन वर्षं पाण्यात जाणार होती. विओलेता चिडून पुन्हा तुटक्या कांड्या घेऊन सूक्ष्मदर्शकापाशी बसली. आजवर ती पोलादाच्या पोटातच दोष शोधत होती. या वेळी तिने तुटलेल्या तोंडावरच्या रेषा बघितल्या. ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा त्या रेषांचा माग काढत मागे गेलं की तडा सुरू झाल्याची जागा सापडते. सगळ्या रेषा कडेच्या एकाच बिंदूशी येत होत्या. तिने कांडी फिरवली. तिथे 'व्ही' या अक्षराचं खालचं टोक होतं.

व्ही तिचाच! तिचे बाबा पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर जन्मभर राबले. आपल्या हातच्या मालावर आपला ठसा हवा, हा त्यांचा खाक्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी धातूवर अक्षरं ठोकायच्या ठशांचा डबा लेकीला दिला, आणि लेक कौतुकाने प्रत्येक कांडीवर व्ही ठोकत सुटली. टोकांवरचा ठसा जबडे खरवडून टाकत, म्हणून तो थेट कमरेवर. कारखान्याच्या कांड्यांवर ठसा नव्हताच. ओरखड्यापासून तडा जातो, हे ती स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायची! काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि लगेच नाचावंसंही वाटलं. पोलाद निर्दोष होतं.

ग्लेनिसने ऐकून कपाळावर हात मारला. "आणि मी मेली नुसती केक खात बसले! एकदा कांडी हातात घेऊन पाहिली असती तर? जा, बिनठशाची चढव. टिकली तर केक मी आणणार."

सोमवारी कांडी चढली. आठवडाभर यंत्र घरघरत राहिलं आणि विओलेताचा जीव टांगणीला. शुक्रवारी चहाच्या वेळी यंत्र एकदम गप्प झालं, कांडी तुटली की व्हायचं तसं.

"केक!" कॅलम ओरडला.

विओलेता धावली. कांडी जबड्यांत ताठ उभी होती. आकडा एक कोटीवर पोचला होता, काम संपलं म्हणून यंत्र आपणहून थांबलं होतं. ती किंचाळली आणि आनंदाच्या भरात कॅलमलाच मिठी मारून बसली.

ग्लेनिसने टेबलाखालून खोका काढला. केकवर लाल क्रीमचा भला मोठा व्ही होता.

"आधीच आणलास? टिकणार हे माहीत होतं तुला?"

"छे! तुटली असती तर पैसे तुझ्याकडून घेतले असते," ग्लेनिस हसली. "आता आणखी दहा कांड्या कर. विषय तुझाच. काप."

विओलेताने सुरी बरोब्बर व्हीच्या खालच्या टोकावर टेकवली आणि दाबली. केकचे सरळ दोन तुकडे झाले.

"बघा," ती म्हणाली, "इथूनच तुटतो."