अकरा ओले सेन्सर

सोमवारी अकरावा सेन्सर उघडला आणि आत पुन्हा पाणी. पाण्यासोबत मातीचे बारीक कण, सर्किटभर पसरलेले. माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

आमची कंपनी लहान. पळणाऱ्यांच्या बुटावर अडकवायचा, कोटाच्या बटणाएवढा सेन्सर बनवते. तो पावलं, वेग, चढउतार मोजतो आणि फोनला कळवतो. खोक्यावर ‘पाण्याला आणि चिखलाला दाद देत नाही’ असं छापायचं होतं, आणि ते खरं की खोटं हे सांगणं माझं काम. डोंगरवाटेवर पळायचं काम माझ्या धाकट्या बहिणीचं. ती ओढा ओलांडून, चिकणमातीच्या उतारावरून दहा किलोमीटर पळून यायची आणि लडबडलेला सेन्सर माझ्या हातात ठेवायची. मी तो लगेच नळाखाली धरून ब्रशने लख्ख घासायची आणि मगच उघडायची. घाणेरडी वस्तू मी टेबलावर येऊ देत नाही. स्वच्छतेत मला कुणी नावं ठेवू शकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत असे.

आत पाणी जायला वाट एकच, झाकणाखालची रबरी रिंग. ती मास्तरांची. मास्तर आमचे साचे बनवतात. शिकवलं कुणालाच नाही, पण नाव पडलं ते पडलं. या रिंगेचा साचा त्यांनी पाच महिने खपून कोरला होता. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. रिंग नापास झाली तर साचा भंगारात, रिंगा बाहेरून घ्यायच्या आणि मास्तरांना घरी पाठवायचं. फैसला शुक्रवारी होता.

मास्तरांचं पालुपद एकच: टाकीत अर्धा तास बुडवून ठेवतो, थेंब जात नाही. मी म्हणायची, लोक टाकीत पळत नाहीत. ते मला पुन्हा टाकीपाशी न्यायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. मग मी फोटो लावून, बाण काढून असा रिपोर्ट लिहिला की कुणाला बोट ठेवायला जागा नको. सोमवारीच तो साहेबांना दिला आणि घरी येऊन भांडी आपटली. बाराव्या सेन्सरचं काय झालं, असं धाकटीला विचारलं तर देते म्हणाली आणि फोनमध्ये तोंड घालून बसली.

गुरुवारी सकाळी दारामागे तिचे बूट सापडले. रविवारी आल्या आल्या फेकलेले, सेन्सर अजून त्यांवरच, चिखल वाळून दगड झालेला. मी तिला झापायला सुरुवात केली. वस्तूंची किंमत नाही, दुसऱ्याच्या कामाची किंमत नाही, वगैरे सगळं.

“दमले होते गं, ताई,” ती म्हणाली. “आणि तुला काय, आणखी एक मेलेलाच हवाय ना?”

मी रागाने बूट उचलला आणि टेबलावरचा फोन वाजला. सेन्सर जोडला गेला होता. एक पाऊल मोजलं. मी बूट हलवला, दुसरं मोजलं.

तो मी न धुताच ऑफिसला नेला. अंगठ्याने दाबल्यावर चिखलाचे पोपडे सहज सुटून पडले. झाकण काढलं तर आत कोरडं ठाक. माती रिंगेच्या बाहेरच्या कडेशी अडकून राहिली होती, आत एक कण नाही. मग मी एक कोरा सेन्सर कुंडीतल्या ओल्या मातीत बरबटवला आणि नेहमीसारखा धुतला. आत पाणी. दुसरा धुतला, त्यातही पाणी. माझा ब्रश कण रिंगेखाली ढकलत होता आणि त्या फटीतून माझा नळ पाणी आत सारत होता. डोंगरवाटेने एकही सेन्सर मारला नव्हता. अकराच्या अकरा मी मारले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा कागद चोरानेच लिहिलेला.

मी साहेबांकडे धावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. साचा बुधवारीच भंगारात गेला होता, बाहेरच्या रिंगांची ऑर्डरही गेली होती.

“शुक्रवार ठरला होता,” मी म्हटलं.

“तुझा रिपोर्ट इतका पक्का होता, की थांबायची गरजच वाटली नाही.”

हे त्यांनी कौतुकाने म्हटलं. लोकही सेन्सर धुणारच की, असंही म्हणाले. मी म्हटलं, खोक्यात एक ओळ टाका, चिखल वाळू द्या, मग झटका. एका ओळीचं काम होतं. ते म्हणाले, आता ऑर्डर फिरवता येत नाही. मी येताना दार आपटलं, पण राग नक्की कुणावर काढायचा ते मला कळेना. खरं तर कळत होतं.

मास्तर त्यांची हत्यारं कापडात गुंडाळत होते. मी कोरडा सेन्सर त्यांच्या हातात दिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी भिंग डोळ्याला लावून रिंगेवरून बोट फिरवलं.

“म्हणजे नीट बसली होती.”

“हो, मास्तर.”

“चार दिवस?”

“चार दिवस.”

त्यांनी सेन्सर परत दिला आणि कानस गुंडाळायला घेतली. ते चार शब्द सुनावतील म्हणून मी उभी राहिले. ऐकायची माझी तयारी होती, मला ते हवेच होते. त्यांनी एवढंच विचारलं, की रिपोर्ट पुन्हा लिहिणार का. मी म्हटलं, आजच लिहिते.

“लिही. पण रिंग चांगली होती एवढंच लिही,” ते म्हणाले. “ते धुण्याचं लिहू नकोस. तुलाही काढतील.”