सातव्या कप्प्यातला तारा

तारा चालायला लागला तेव्हा सभागृहात माइकची घरघरसुद्धा ऐकू येईल एवढी शांतता पसरली. मग पुढच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "हलला! अगं बाई, खरंच हलला!" आणि दोनशे माणसांनी एकदम खुर्च्या सरकवल्या.

तारा म्हणजे नखाएवढा करडा दगड. पाच टोकांचा, कात्रीनं कापून काढावा तसा रेखीव. काचेच्या उथळ बशीत पाण्यासारखं काहीतरी ओतलेलं होतं. त्यात ठेवल्यावर तो आधी थरथरायचा आणि मग गोगलगायीच्या चालीनं समोर बसलेल्या आजारी माणसाकडे सरकायचा. बशीवर कॅमेरा रोखलेला होता, त्यामुळे मागच्या पडद्यावर तो कलिंगडाएवढा दिसत होता.

"विज्ञान याला दगड म्हणतं," ताराबुवा म्हणाला. पांढरा सूट, पांढरे बूट, आणि अत्तर इतकं की तो येण्याआधी त्याचा वास येऊन बसायचा. "बिचारं विज्ञान! त्याला डोळे आहेत, दृष्टी नाही. हा आकाशातून निखळलेला तारा आहे. त्याला तुमच्या दुखण्याची कंपनं कळतात. ज्याच्याकडे तारा आला, त्याचं औषध सुटलं!"

औषध सुटलं म्हणजे अक्षरशः सुटलं. व्यासपीठाच्या पायरीशी एक काचेची पेटी होती, तिला कुलूप. तारा ज्याच्याकडे गेला त्यानं आपली औषधं त्या पेटीत टाकायची आणि बशीतलं चमचाभर पाणी पिऊन घरी जायचं. आंबट लागलं तर तो ताऱ्याचा गुण, असं बुवा सांगायचा. पेटीत गोळ्यांच्या पट्ट्या, बाटल्या, इंजेक्शनची पेनं असा ढीग साचला होता. लोक त्या ढिगाकडे कौतुकानं बघत होते. अक्कल गहाण टाकायला एवढी मोठी रांग विज्ञानाच्या बाईंनी आयुष्यात पाहिली नव्हती.

बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या. त्या चमत्कार बघायला आल्या नव्हत्या, आपली हरवलेली मुलं शोधायला आल्या होत्या. जीवाश्म ओळखण्याची आंतरशालेय स्पर्धा चार दिवसांवर आली होती आणि सरावाला पाचांपैकी एकही फिरकलं नव्हतं. ती पाचही मुलं इथे होती. पहिल्या रांगेत, आ वासून बसलेली. मधोमध त्यांची कॅप्टन. गळ्यात सदा भिंग लटकवून फिरते म्हणून सगळी शाळा तिला भिंग म्हणायची. शेजारी तिची आई, हात जोडून.

बाईंनी पडद्याकडे नीट पाहिलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आकाशातला तारा! शाळेच्या कपाटात सरावाचा लाकडी ट्रे होता, त्याच्या सातव्या कप्प्यात असले अकरा तारे पडून होते.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यांनी पाचही जणांना उभं केलं.

"सातव्या कप्प्यात काय आहे?"

"क्रिनॉइडच्या देठाचा मणी!" पाचही जण एका सुरात. "समुद्राच्या तळाशी वाढणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी. मेल्यावर देठाचे मणी सुटे होतात. त्यांचे दगड होतात. वय कोट्यवधी वर्षं."

"वा! आणि काल पडद्यावर काय होतं?"

"तारा, बाई."

बाईंनी सातव्या कप्प्यातला एक मणी उचलून भिंगच्या तळहातावर ठेवला. भिंगनं तो पाहिला, उलटा केला, पुन्हा पाहिला. तिचा चेहरा पडला.

"बाई, हा... हा तोच आहे."

"चाळीस वेळा ओळखलायस ना तू हा?"

"कप्पा ओळखला होता, बाई," भिंग हळूच म्हणाली. "आम्ही दगडाकडे बघतच नाही. पहिला शंख, दुसरं पान, तिसरा दात... ओळीनं पाठ केलंय."

बाईंना मुलांवर ओरडायचं होतं, पण ओरडणार कुठल्या तोंडानं? ट्रे त्यांनीच लावला होता. गेल्या वर्षी स्पर्धेत भराभर उत्तरं देता यावीत म्हणून ओळ पाठ करायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि ढाल मिळाल्यावर स्टाफरूममध्ये मिरवलंही त्यांनीच होतं. त्या स्वतःवर एवढ्या चिडल्या की, अख्खा ट्रे उचलून त्यांनी एका कापडी पिशवीत पालथा केला.

"आता हात घाला आणि एकेक काढा. कप्पा नाही, नंबर नाही. दगड बघून सांगायचं."

तासाभरात निम्मी उत्तरं चुकली. चुकू देत, म्हणाल्या बाई, पहिल्यांदाच अभ्यास चाललाय.

मग भिंगनं विचारलं, "पण तो चालतो कसा?"

सरावाच्या साहित्यात व्हिनेगरची एक बाटली असायची. दगड चुनखडीचा आहे का हे ठरवायला त्याच्या कडेला एक थेंब टाकायचा, बुडबुडे आले की चुनखडी. जीवाश्मावर मात्र थेंब टाकायचा नाही, तो झिजतो, असा बाईंचा सक्त नियम. त्यामुळे व्हिनेगरमध्ये जीवाश्माचं काय होतं हे मुलांनी कधी पाहिलंच नव्हतं. आज बाईंनी नियम मोडला. टोक तुटलेला एक मणी निवडला, बशीत व्हिनेगर ओतलं आणि मणी आत ठेवला.

मण्याच्या कडेनं बारीक बुडबुडे फुटले. तो थरथरला. पोटाखाली साचलेल्या बुडबुड्यांनी तो जरासा उचलला गेला आणि इकडे वळ, तिकडे वळ करत बशीत भरकटू लागला.

"कालचा तर सरळ माणसाकडे जात होता," एकजण म्हणाला.

भिंग बशीच्या पातळीवर डोळे आणून बघत राहिली. "काल बशीतलं पाणी एका बाजूला जास्त होतं," ती म्हणाली. "माणूस बसतो त्या बाजूला." आणि बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. लांबलचक, छातीतून शिट्टी वाजवणारी.

"पंप कुठेय तुझा?" बाईंनी विचारलं. दम्याचा पंप भिंगच्या दप्तराच्या बाहेरच्या खणात कायम असायचा.

"पेटीत. गेल्या आठवड्यात माझ्याकडे तारा आला ना. आईनं टाकला."

बाई तडक भिंगच्या आईच्या शिवणाच्या दुकानात गेल्या. आई शिलाई मशीनवर एका शर्टाची कॉलर बसवत होती. बाईंनी रागानं सुरुवात केली, पण आईनं मान वर केली तेव्हा तिचे डोळे तारवटलेले होते.

"गेल्या हिवाळ्यात तिला तीनदा दवाखान्यात नेलं," आई म्हणाली. "मशीन चालवताना माझा अर्धा कान तिच्या छातीकडे असतो. कोणीतरी म्हणालं की हे कायमचं संपेल. मी ऐकणार नाही का?"

"पण ती खोकतेय."

"आजार बाहेर पडतोय म्हणाले बुवा."

"आणि बाहेर पडताना तिचा श्वास घेऊन गेला तर? आजच्या आज दुसरा पंप आणा."

आईनं मशीनचं चाक पुन्हा फिरवलं. एवढी दमलेली बाई भाषणानं बदलणार नाही, हे बाईंना कळलं. तिला डोळ्यांनीच दिसायला हवं होतं. त्या संध्याकाळी बाईंनी स्वतःच नवा पंप विकत घेतला आणि घरी दिला तर तोही पेटीत जाईल, म्हणून पर्समध्ये ठेवला.

पुढची सभा दुसऱ्याच दिवशी दुपारी होती. ज्यांच्याकडे तारा आधी आलाय त्यांची त्या दिवशी पुन्हा तपासणी. भिंगचं नाव पुकारलं गेलं. ती टेबलासमोर बसली, पलीकडे ताराबुवा. तारा थरथरला आणि तिच्याकडे निघाला. टाळ्या पडल्या.

"बघा!" बुवा माइकमध्ये गरजला. "या लेकराच्या छातीतलं उरलंसुरलं दुखणं ओढून घ्यायला तारा निघाला!"

"बुवा, आपण जागा बदलायची?" भिंगनं विचारलं.

"ताऱ्याला दिशा असते, बाळा."

"बरं." तिनं खिशातली पेन्सिल काढली आणि टेबलावर आडवी ठेवली. पेन्सिल गडगडत तिच्या मांडीत पडली. तिनं पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. कॅमेरावाला बिचारा प्रामाणिक होता, त्यानं पेन्सिलही पडद्यावर दाखवली.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. "पेन्सिलीलाही कंपनं कळतात वाटतं!"

"शांतता! श्रद्धेच्या जागी हसू नका," बुवा म्हणाला, पण त्याच्या आवाजातला मध आटला होता.

भिंगनं शाळेची बाटली काढली. दुसऱ्या एका बशीत व्हिनेगर ओतलं आणि त्यात पिशवीतला मणी टाकला. मणी थरथरला, बुडबुड्यांवर उचलला गेला आणि थेट तिच्याकडे निघाला.

"हा तारा आमच्या शाळेच्या कपाटातून निखळलाय," ती म्हणाली. "समुद्रातल्या प्राण्याच्या देठाचा मणी आहे. चुनखडीचा. आंबट पाण्यात त्याचे बुडबुडे होतात, आणि उतार असेल तिकडे तो घसरतो. बुवांच्या बशीतही व्हिनेगरच आहे. हवं तर वास घ्या. अत्तर एवढं का लावलंय ते कळेल."

पहिल्या रांगेतला औषधाच्या दुकानाचा मालक खरंच उठला. त्याच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या पेटीत होत्या. त्यानं बशीवर नाक धरलं आणि तोंड वाकडं केलं. "च्यायला, व्हिनेगरच की हो!"

भिंग टेबलाखाली वाकली. टेबलाच्या बुवाकडच्या दोन पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारलेल्या होत्या. दुकानदारानं टेबल उचलून धरलं, तिनं घड्या काढल्या आणि आपल्या बाजूच्या पायांखाली सारल्या. टेबल खाली टेकलं. बुवाच्या बशीतला तारा क्षणभर जागीच थरथरला. मग वळला आणि सरळ पांढऱ्या सुटाच्या दिशेनं चालायला लागला.

"बुवा," भिंग म्हणाली, "तुमचीच तब्येत बरी दिसत नाही."

अख्खं सभागृह हसलं. हसलं म्हणजे फुटलंच. दोन दिवसांपूर्वी खुर्च्या सरकवणारी तीच माणसं आता पोट धरून हसत होती, आणि आपण मात्र कधी फसलोच नव्हतो असा प्रत्येकाचा आविर्भाव होता. बाईंना त्यांचाही राग आला.

एवढ्यात भिंग खोकायला लागली. अत्तराचा दर्प, गर्दीची कोंडलेली हवा. खोकला थांबेना, छातीतली शिट्टी माइकमधून सभागृहभर ऐकू येऊ लागली. हसणं विरलं.

"अविश्वासाचं फळ!" बुवा पटकन म्हणाला. "तारा रुसलाय. सगळ्यांनी डोळे मिटा, त्याची क्षमा मागा..."

बाई पर्स उघडत मधल्या वाटेनं धावल्या. पण त्यांच्याआधी भिंगची आई पायरी चढली होती. तिनं डोळे मिटले नव्हते. तिनं हात पुढे केला.

"चावी."

"माउली, या घडीला श्रद्धा ढळली तर..."

"चावी द्या," आई म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. बुवानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं कोटाच्या खिशातून चावी काढली.

आईनं पेटी उघडली, ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि निळा पंप बाहेर काढला. बाईंच्या हातातला नवा पंप तसाच राहिला. आई भिंगपाशी गुडघ्यांवर बसली. एक दाब. मोजत थांबली. दुसरा दाब. हळूहळू पोरीचे वर चढलेले खांदे खाली आले.

मग लोक पेटीकडे वळले. कोणी गोळ्यांच्या पट्ट्यांवरची नावं वाचत होतं, कोणी दुसऱ्याची बाटली ओढत होतं. या गोंधळात ताराबुवा मागच्या दारानं सटकला. तारा बशीतच राहिला. दोन आजोबा मात्र हलायला तयार नव्हते. बुवा परत कधी येणार, असं ते विचारत होते.

कोणीतरी बाईंच्या हातात माइक दिला. बाईंना भाषणाची हौस होती, पण त्या दिवशी त्या थोडक्यात बोलल्या.

"माझ्या विद्यार्थ्यांना हा दगड कप्प्यात ओळखता येत होता, बाहेर नाही. चूक माझी. तुम्हाला पेन्सिल गडगडली की उतार कळतो, तारा सरकला की कळत नाही. ही चूक तुमची. कोणी चमत्कार दाखवला की टेबल फिरवायला सांगा, वास घ्या, खाली वाकून बघा. जे खरं असतं ते टेबल फिरवल्यावरही खरंच राहतं. ज्याला टेबल फिरवलेलं चालत नाही, त्याच्यासाठी आपली औषधं टाकू नका. आणि लाज वाटली म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नका. उद्याच जा."

सभागृह रिकामं झालं तरी आई पायरीवरच बसून होती. भिंग तिच्या खांद्याला टेकून शांत श्वास घेत होती. बाई शेजारी जाऊन बसल्या.

"आठ दिवस, बाई," आई म्हणाली. "आठ दिवस ही खोकायची आणि मी हिच्या उशाशी बसून हात जोडायचे. हात जोडलेले होते ना, म्हणून पंप धरायला एकही हात मोकळा नव्हता."