दांड्याचा विटाळ

कट्टा गावच्या तिठ्यावर गुरुदास शेटांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. खिळे, बिजागऱ्या, कोयते, विहिरीचे रहाट आणि शहाणपणाच्या चार गोष्टी तिथे मिळत. पैकी शेवटची वस्तू फुकट. शेट मोठे सुधारक. अस्पृश्यतेचा कायदा झाला त्या साली दुकानाबाहेरची ‘पायरी चढू नये’ ही पाटी त्यांनी स्वतःच्या हातांनी उतरवली. पायरी मात्र राहिली. ती दगडी होती, आणि ज्यांनी वाचायची त्यांना ती पाटीशिवायही वाचता येत होती.

ही गोष्ट त्यानंतर तीनेक वर्षांची. बाजाराच्या दिवशी सकाळी महारवाड्यातला सत्यवान त्या पायरीखाली उभा होता. त्याला हातोडी हवी होती.

सत्यवान मुंबईच्या गोदीत सुतारांच्या हाताखाली राबून आला होता. गावचे सुतार धोंडू मेस्त यांचे गुडघे गेल्यापासून छपराची कामं दोघं मिळून करत. मेस्त खाली उभे राहून हुकूम सोडत, सत्यवान वर चढून वासे जोडी, रीपा ठोकी, आणि त्याची बायको तुळसा खालून एकेक रीप वर देई. सध्या काम चाललं होतं ते शेटांच्याच नव्या घराचं. छपराला सत्यवानाचा हात लागलेला चालत होता. पुढे वास्तुशांत व्हायची होती आणि तीत सगळं शुद्ध होतं, असं भटजींनी सांगितलं होतं. हातोडीच्या वास्तुशांतीची शास्त्रात सोय नव्हती.

म्हणून दुकानाचा नियम असा, की सत्यवानाने लांबून बोट दाखवायचं. नोकर गंगाराम ती हातोडी खुंटीवरून काढून पायरीवर ठेवी. तिला हात लावला की ती घेतलीच. पुन्हा खुंटीवर गेली तर बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय करावं? शेटांनी या प्रश्नावर खोल विचार केला होता. लोखंडाला विटाळ नाही, असा त्यांचा उदार निर्णय होता. विटाळ लागतो तो दांड्याला, कारण तो लाकडाचा. दुर्दैवाने जगात हातोडी दांड्यालाच धरतात.

आधीची हातोडी सत्यवानाने अशीच बोटाने घेतली होती. तिचा दांडा जाडा निघाला, तोंड जड निघालं. दिवसभर रीपा ठोकल्यावर मनगट असं सुजे, की रात्री पेजेची वाटी दोन्ही हातांनी धरावी लागे. “उजवो हात गेलो तर खावचा काय?” तुळसा म्हणे, आणि मनगट शेकायला मिठाची पुरचुंडी तापवी.

“शेटांनु, जरा हातात घेवन बघू काय? वजन कळात,” सत्यवान म्हणाला.

“बघ मां! बघूक कोणी नको म्हटल्यान?” शेट म्हणाले. “थंयसून बघ. माज्या मनात तसलां कायच नाय रे. पण लोकांचा बघूचा लागता.” लोक म्हणून त्यांनी रस्त्याकडे हात केला. रस्त्यावर एक बैल उभा होता.

तेवढ्यात धोंडू मेस्त आले. पायरी चढले, खुंटीवरची एक हातोडी काढली, हवेत फिरवली, कानाशी हलवली, फरशीवर दोन ठोके मारले आणि परत टांगली. त्यांना काही घ्यायचं नव्हतं, सवय म्हणून.

“मेस्तांनु, माज्यासाठी एक बघा मां,” सत्यवान म्हणाला. “ती कडेची.”

मेस्त भल्या मनाचे. त्यांनी कडेची घेऊन फिरवली. “बरी आसा रे. हाताक बरी लागता.”

“तुमच्या हाताक न्हय, माज्या हाताक लागाक व्हयी.”

“मेल्या, तुजो हात मी खंयसून हाडू?”

सगळे हसले. सत्यवानही हसला. पायरीखालच्या गिऱ्हाइकाने हसायचं, अशी तेव्हा रीत होती.

“आणखी एक बघतल्यात?”

“आता माका काय दुसरां काम नाय?” म्हणत मेस्त चुन्याची डबी काढून आत टेकले.

शेवटी सत्यवानाने डोळ्यांनीच एक निवडली. दांडा बारीक, गुळगुळीत, काळ्या रोगणाने चकाकणारा. त्या रोगणाखाली दांड्याच्या टोकाला पाचरच मारलेली नव्हती. हातात घेऊन एकदा झाडली असती तर लोखंड दांड्यावर खुळखुळलं असतं. पण डोळ्यांना खुळखुळ ऐकू येत नाही. गंगारामने हातोडी पायरीवर ठेवली. सत्यवानाने उचलली. घेतली गेली.

आठवड्याभरात ती निसटली. सत्यवान आढ्यापाशी बसला होता. त्याने हातोडी डोक्यामागे नेली आणि हात एकदम हलका झाला. हातात नुसता दांडा होता. खाली तुळसा रीप उभी धरून वर बघत होती. रीप तेवढी खाली पडल्याचा आवाज आला.

मालवणच्या डॉक्टरांनी तुळसेचा जीव वाचवला. डावा डोळा गेला.

तुळसा घरी आल्यावर गाव समाचाराला लोटला. अंगणाच्या कडेला, योग्य त्या अंतरावर, माणसं उभी राहिली. धोंडू मेस्त उपरण्याने डोळे पुसत होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. शेटही आले. येताना नारळ आणला. तो त्यांनी कुंपणाच्या गड्ग्यावर ठेवला.

“पण मी म्हणतंय, हातोडी अशी घेतत काय रे?” शेट कळवळून म्हणाले. “हातात घेवची, झाडून बघूची, दोन ठोके मारूचे. तुमच्या लोकांका वस्तू पारखूकच येणा नाय.”

कोणी हसलं नाही. कोणाला यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही. उलट दोघातिघांनी माना डोलावल्या. बोलणं अगदी खरं होतं.

ओट्यावर पडलेली तुळसा पट्टीखालून नवऱ्याला म्हणाली, “आयकलात मां? शेट काय सांगतत तां? हातात घेवन बघूची. मगे जावा. बघून येवा.”

पुढच्या बाजाराला सत्यवान पायरी चढला.

“अरे, अरे! खंय चढतंस?”

“तुमीच सांगलात मां, शेटांनु. हातात घेवन बघूची.”

त्याने पहिल्या खुंटीवरची हातोडी काढली. फिरवली, कानाशी झाडली, फरशीवर दोन ठोके मारले आणि परत टांगली. मग दुसरी. मग तिसरी. “हिचो दांडो जाडो.” “ही तोंडाक जड.” “ही बरी, पण दांड्याक गाठ आसा.” तो कोणाशीच बोलत नव्हता. दाराशी गर्दी जमली. गंगाराम तराजू धरून तसाच उभा राहिला.

“आता सगळ्यो घेवच्यो लागतल्यो!” शेटांचा आवाज चिरकला. “एकूण एक!”

“घेतंय. फक्त कशाक घेवच्यो, तां एकदा मोठ्यान सांगा. समोर हॉटेलात हवालदार चाय पितत. तेंकाव आयकाक जाऊंदे.”

शेटांनी हॉटेलाकडे पाहिलं. मग वजनं मांडायला घेतली.

हातोड्यांची रांग संपेपर्यंत सत्यवानाने घाई केली नाही. शेवटी एक हातात राहिली. दांडा मुठीत बसला, तोंड मनगटाला ओढेना. त्याने पैसे गल्ल्यावर ठेवले, पायरीवर नाही, आणि वळला.

“आणि माज्या छपराचा रे?” शेटांनी मागून विचारलं. “वास्तुशांत ठरलीहा!”

“तां तुमी बघा. हातोड्यो तुमच्याकडे खूप आसत.”

गावात भांडण झालं नाही. कट्टा सभ्य माणसांचं गाव. सत्यवानाने देवबागेला एका होडीवाल्याच्या घराचं काम धरलं. शेटांचं छप्पर पुरं करायला धोंडू मेस्तांनी पिंगुळीहून माणूस आणला, पण तो नुसता मजूर, त्याच्याकडे हातोडी नव्हती. मेस्त दुकानात आले. सवयीने हात खुंटीकडे गेला, आणि निम्म्यावरून चुन्याच्या डबीकडे वळला.

“गंगाराम,” त्यांनी हळूच विचारलं, “तेणां हात लावूक नाय, अशी ह्यातली खंयची?”

“एकव नाय, मेस्तांनु.”

तुळसेसाठी रडलेले ते भले मेस्त मालवणची एसटी धरून गेले आणि तिथून हातोडी घेऊन आले.

ती रांग कैक वर्षं झाली तरी तशीच टांगलेली आहे. लोखंडावर गंज चढला, त्या लोखंडाला विटाळ नसूनही. वाचकहो, त्यातल्या दोन-तीन फार चांगल्या आहेत. नीट पारखून ठेवलेल्या, हाताला सुखाच्या, जन्मभर टिकतील अशा. घर बांधायला काढलं असेल तर जरूर जा. पायरी चढायची आणि दांड्याला हात घालायचा, एवढंच.