मापाचा कागद

नाताळची सजावट सहा जानेवारीच्या आत उतरवायची आणि ज्यानं लावली त्यानंच उतरवायची, हा वहिनीच्या सासूबाईंचा दंडक होता. मुदत उलटली तर घर आणखी एक माणूस मागतं, असं त्या म्हणायच्या. त्या गेल्या, दंडक राहिला, कारण त्यांचा मुलगा म्हणजे आईच्या शब्दाबाहेर पाऊल न टाकणारा प्राणी. काचसामानाच्या गोदामात तीस वर्षं पॅकिंग करणारा हा माणूस झाडावरचा एकेक गोळा वर्तमानपत्रात असा गुंडाळायचा की बघत राहावं. वस्तूवर नुसती नजर टाकून कागद फाडायचा. तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही. वर सुतळीची दुहेरी गाठ.

"मला कधी गुंडाळताय?" वहिनी विचारायची. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. तो तिला नखशिखान्त न्याहाळून गंभीरपणे सांगायचा, "कागद जोडावे लागतील."

या वर्षी चार तारखेला तो गोदामातच कोसळला, तो उठलाच नाही. सहा तारीख आल्यागेल्यांच्या गडबडीत निघून गेली.

"त्यानं लावली म्हणून काय झालं, वहिनी, तू उतरव," नणंद म्हणाली. "आई काय म्हणायची, विसरलीस?"

"घरात आता उरलंय कोण?" वहिनी म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

तिला रडू येत नव्हतं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासायच्या, घरी येऊन झाडासमोर बसायचं, एवढंच चाललं होतं. हे उतरलं की तो पुरता गेला, इतकं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

नऊ तारखेला ती कामावरून आली तर झाडावरचा लाल गोळा नव्हता. सजावटीच्या खोक्यात एक पुडकं होतं. त्यावर दुहेरी गाठ. नणंदेकडे घराची दुसरी किल्ली असायची, म्हणून तिला फोन केला. "मी कशाला हात लावू गं बाई?" ती म्हणाली.

मग रोज एक. वहिनीनं भीती वाटण्याची वाट पाहिली, ती आली नाही. धास्ती होती ती वेगळीच: झाड रिकामं झालं की हा यायचा थांबेल. तिनं फांद्यांना चमचे टांगले, स्वतःच्या बांगड्या टांगल्या. त्यांना कुणी हात लावला नाही. ते तिनं लावलेलं होतं.

महिनाअखेरीला शेवटची चांदणी उतरली. त्या संध्याकाळी ती नुसती बसून राहिली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ खोक्यात गेलं, आणि तिला एकदम हायसं वाटलं. घड्याळ त्यानंच लावलं होतं! मग आरसा गेला, मग पडदे.

एका रविवारी दुपारी ती झोपेतून उठली तेव्हा बोटातली अंगठी नव्हती. खोक्यातलं सगळ्यात लहान पुडकं तिनं सोडलं नाही. घरभर नजर फिरवली. त्यानं आणलेलं, लावलेलं आता काहीच उरलं नव्हतं. या घरात तिलाही त्यानंच आणलं होतं.

सोमवारी कामावरून आली तेव्हा पलंगावर वर्तमानपत्रं पसरलेली होती, कागदाला कागद नीट जोडलेला, शेजारी सुतळीचा गुंडा. तिनं पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले, पुसून कोरडे केले. मग ती कागदावर मधोमध आडवी झाली.

तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही.