घोड्याचं डावं वळण

"डावीकडे तेवढं वळवू नका, सर," घोडेबाईंनी साहेबांना दारातच बजावलं. "उजवीकडे कितीही पळवा."

आत पाहुण्या मॅडम येऊन बसल्या होत्या. या ऑफिसात व्हिडिओ गेम बनायचे, आणि बनत असलेल्या गेमला पैसा पुरवणारी कंपनी पाहुण्यांची. घोड्याची चाल, दौड, शेपटीचा झटका, सगळं बाई संगणकावर घडवत. म्हणून ऑफिसनं त्यांचं बारसंच 'घोडेबाई' असं केलं होतं. घोड्याला डावीकडे वळता येत नव्हतं, कारण ते काम अजून व्हायचं होतं. तेव्हा पाहुण्यांना दाखवायच्या नमुन्यातला रस्ताच असा आखला, की घोडा उजवीकडेच वळत राहील. या धंद्यात हे सर्रास चालतं. भिंत पुढून रंगवायची. मागे जाऊन बघतंय कोण?

साहेबांनी घोडा झोकात पळवला. पाहुण्या खूश झाल्या, ते ठीकच; पण साहेब स्वतःच त्या नमुन्यावर भाळले. "घोडा तर झालाच आहे," म्हणाले, आणि गेम दोन महिने आधी द्यायचं कबूल करून बसले.

मग काय विचारता. आधी रविवार गेले, मग रोजच्या संध्याकाळीही गेल्या. रोज सकाळी उभ्याउभ्या मीटिंग व्हायची. साहेब एकेकाला विचारायचे, "होईल ना?" त्यावर "होऊन जाईल" याखेरीज दुसरं उत्तर त्या खोलीत कुणी दिल्याचं ऐकिवात नव्हतं. बाईही तेच म्हणायच्या. आणि घरी फोन करून मुलीला सांगायच्या, "येते गं लवकर." शाळकरी पोर ती. आधी रडायची, मग भांडायची, पुढे नुसतं "बरं" म्हणायला लागली. त्या 'बरं'ची बाईंनी धास्ती घेतली. आणखी दोन महिने हे असंच चाललं तर पोर आपली राहणार नाही, हे त्यांना लख्ख दिसलं.

पाहुण्या दुसऱ्यांदा आल्या, तेव्हा साहेबांनी घोडा पळवायचा कंट्रोलर बाईंकडेच दिला. "रस्ता तुम्हाला पाठ आहे," ते हळूच म्हणाले. बाईंनी तो सरळ पाहुण्यांच्या हातात ठेवला.

"तुम्हीच चालवा, मॅडम. वाटेल तिकडे न्या."

पाहुण्यांनी घोडा डावीकडे वळवला. तो पोटापर्यंत जमिनीत रुतला, मान उलटी फिरली, आणि पाय मात्र दौडतच राहिले.

"हे कधी नीट होणार?" पाहुण्यांनी विचारलं.

"आठवड्याभरात होऊन..." साहेबांनी सुरुवात केली.

"नाही होणार," बाई म्हणाल्या. "आधी जी तारीख ठरली होती, त्या तारखेला होईल. रविवारी घरी राहून."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"झालेलं दाखवायची पद्धत आहे, मॅडम. राहिलेलं कुणी दाखवत नाही."

पाहुण्या त्या रुतलेल्या घोड्याकडे बघून हसल्या, आणि त्यांनी जुनी तारीख कायम केली. अख्खं ऑफिस त्या दिवशी उजेडातच घरी गेलं.

साहेबांनी निघतानाच राग काढला. घोडा दुसऱ्याकडे दिला आणि बाईंच्या वाट्याला कुंपणं, पिंपं, दगड आले. थोडक्यात, न हलणाऱ्या वस्तू. बाईंना वाईट वाटलं. तो घोडा त्यांनी लहानाचा मोठा केला होता. पण केल्याचा पस्तावा मात्र झाला नाही.

घरी पोचल्या, तर मुलगी बूट घालून खेळायला निघाली होती.

"आज कशी काय आलीस?"

"आता रोजच येणार."

"मग बाबांना सांगू का, तुझंही ताट घ्यायला?"

"सांग की."

तिनं दारातूनच ते आत ओरडून सांगितलं आणि ती धडधड जिना उतरून गेली. खांद्यावरची पर्स दारातच ठेवून बाई तिच्यामागून खाली उतरल्या आणि मैदानाच्या कडेच्या बाकावर जाऊन बसल्या. मुलीनं खेळता खेळता एकदा वळून पाहिलं. थोड्या वेळानं पुन्हा पाहिलं. बाई तिथंच होत्या.